घुग्घुसच्या पायाखाली काय आहे?

26 ऑगस्ट 2022. घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक अख्खं घर जमिनीत गडप झालं. घरची माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. व्हिडिओ फिरले, नेते येऊन गेले, मग सगळे विसरले. पण ते घर का गेलं हे समजायला आपल्या चांदा मुलखाचा इतिहास पाहावा लागतो. पोस्ट लांब आहे, पण वाचा.

आधी भूगोल. वर्धा नदीच्या अलीकडे घुग्घुस, पलीकडे यवतमाळचं वणी. दोन्ही काठांखाली कोळशाचाच पट्टा. हा कोळसा 25 कोटी वर्षांहून जुना. ज्या खडकांत तो सापडतो त्यांना जगभरचे भूशास्त्रज्ञ 'गोंडवाना' म्हणतात. म्हणजे आपल्या गोंड मुलखाचं नाव जगाच्या पुस्तकात गेलं.

या मुलखावर शेकडो वर्षं चांद्याच्या गोंड राजांचं राज्य होतं. अकबराच्या काळातल्या 'आईन-ए-अकबरी'त चांद्याच्या राजाकडे 1,000 घोडेस्वार आणि 40,000 पायदळ असल्याची नोंद आहे. वैरागडच्या हिऱ्यांच्या खाणीचाही उल्लेख आहे. म्हणजे जमिनीखालची संपत्ती तेव्हाही होतीच. पण राज्य चालायचं शेतीवर. जंगल साफ करून गाव वसवेल त्याला जमीन आणि तलाव बांधेल त्याला त्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असं गोंड राजांचं धोरण सांगितलं जातं. ज्यांना आज आपण मामा तलाव म्हणतो, ती तलावांची परंपरा इथलीच.

1751 मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं. 1854 मध्ये इंग्रजांनी नागपूर खालसा केलं आणि चांदा जिल्हा झाला. 1858 मध्ये बाबुराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने बंड केलं, तेव्हा त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी दिली.

त्यानंतर खरा बदल झाला. सरकारने 1871 मध्ये वरोऱ्याला कोळशाची खाण सुरू केली आणि वर्ध्याहून तिथवर रेल्वे नेली. रेल्वे आली ती कोळशासाठी, आपल्यासाठी नाही. पुढे बल्लारपूर, घुग्घुस आणि सगळ्या पट्ट्यात खाणी झाल्या. आधी इंग्रज सरकार आणि खासगी कंपन्या, 1973 मध्ये राष्ट्रीयीकरण, मग वेकोलि. सोबत सिमेंट आलं, लोखंड आलं. देशभरातून मजूर आले. तेलुगू, हिंदी, मराठी, गोंडी बोलणारं गाव तयार झालं. आणि एवढं मोठं गाव वर्षानुवर्षं ग्रामपंचायतच राहिलं. नगर परिषद झाली ती अगदी अलीकडे.

आता मुद्द्यावर येऊ. जुन्या भूमिगत खाणीत सगळा कोळसा काढत नसत. छत तोलून धरायला कोळशाचेच खांब ठेवत. खाण बंद झाली की पोकळीत वाळू भरायची असते. नीट भरली नाही, खांब कमजोर झाले, पावसाचं पाणी मुरलं, की वरची जमीन खचते. आमराई वॉर्डाच्या खालीही जुनी खाणच होती.

पैशाचं म्हणाल तर कोळशाच्या किमतीवर 14 टक्के रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाते. 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर त्याशिवाय जिल्हा खनिज निधीतही रक्कम जमा होते. जुन्या खाणींसाठी ती रॉयल्टीच्या 30 टक्के. हा निधी खाणबाधितांसाठीच आहे. ज्याचं घर पोकळ जमिनीवर उभं आहे, त्याच्याहून जास्त बाधित कोण?

म्हणून मागणी साधी आहे. घुग्घुसखालच्या सगळ्या जुन्या खाणींचे नकाशे नगर परिषदेत लावा, वॉर्डनिहाय, मराठीत. कुठे पोकळी आहे, कुठे वाळू भरली, कुठे नाही, ते लिहा. धोक्याच्या जागेवर नवीन बांधकामाची परवानगी देऊ नका. जुन्या घरांचं पुनर्वसन खनिज निधीतून करा.

गोंड राजांनी या मातीत तलाव सोडले. नंतरच्यांनी भोकं सोडली. ती नेमकी कुठे आहेत, एवढं तरी आम्हाला सांगा.

आपापल्या वॉर्डाच्या ग्रुपवर टाका.