शिकाऊ उमेदवार आणि चिरेचे नाव

चांदूर बाजारच्या बाजारात माठ विकत घेणारी बाई तो प्रथम बोटाच्या पेराने वाजवून पाहते. नाद खणखणीत आला तर माठ घरी येतो, बद्द आला तर तो खाली ठेवून ती दुसरा उचलते; आणि कुंभारही 'वाजवून घेजो, माय' असेच म्हणतो. वस्तू न फोडता तिच्या अंगातील न दिसणाऱ्या तड्याचा शोध घेण्याची ही रीत म्हणजे, धातुविज्ञान ज्यास अविनाशक परीक्षण म्हणते, त्याचे साधे घरगुती रूप होय. (कित्येक जण 'अविनाशी परीक्षण' असे लिहितात. त्या शब्दाने परीक्षणच अमर ठरते. सबब तो त्याज्य.) विमानांच्या कारखान्यात या परीक्षणाची उमेदवारी करणारा पदवीधर महाराष्ट्रात कसा उभा राहिला, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो भाषाभ्यासकाने का करावा, हे ओघाने स्पष्ट होईल.

या विद्येची साधने हळूहळू जमत गेली. १८९५ मध्ये रन्टगेनने क्ष-किरणांचा शोध लावला. १९२८ च्या सुमारास सोकोलोव्हने धातूतील दोष श्रवणातीत ध्वनीने हुडकण्याची कल्पना मांडली. पुढे १९४० नंतरच्या दशकात फायरस्टोनचे प्रतिध्वनी टिपणारे उपकरण आले. परंतु या परीक्षणाला खरी निकड आली ती विमानामुळे. १० जानेवारी व ८ एप्रिल १९५४ रोजी दोन 'कॉमेट' विमाने इटलीनजीकच्या समुद्रात कोसळली. उड्डाणागणिक आतील हवेच्या दाबाने ताणल्या जाणाऱ्या पत्र्याला थकव्याने चिरा पडतात, हे फार्नबरो येथे विमानाचे धड पाण्याच्या टाकीत ठेवून केलेल्या प्रयोगांत सिद्ध झाले. धातू थकतो, आणि थकल्याचे बाहेरून दिसत नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न १९६४ मध्ये दाराशी आला. सोव्हिएत संघाशी १९६२ मध्ये झालेल्या करारानुसार मिग-२१ विमाने बांधण्यासाठी नाशिकजवळ ओझर येथे कारखाना स्थापन झाला. त्याच वर्षी अमरावतीस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. दोहोंचा परस्परांशी संबंध नव्हता. तो पुढे कायद्याने जोडून दिला. १९६१ चा शिकाऊ उमेदवार अधिनियम मुळात कारागिरांपुरता होता. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक त्याच्या कक्षेत आले, आणि वऱ्हाडातील पदवीधराला एक वर्षाच्या उमेदवारीसाठी कारखान्याचे दार कायद्याने उघडले.

'शिकाऊ उमेदवार' हा जोडशब्द मोठा बोलका आहे. 'उमेद' म्हणजे आशा. 'उमेदवार' हा फारसीतून आलेला आशाधारी. जुन्या कचेऱ्यांतून पुढेमागे जागा मिळेल या आशेवर बिनपगारी खर्डेघाशी करणारा तो उमेदवार. 'शिकाऊ' हे मात्र अस्सल मराठी घडणीचे विशेषण, 'टिकाऊ', 'विकाऊ' यांच्या पंक्तीतले. कायद्याने उमेदवाराला विद्यावेतन दिले. १९७३ नंतर ते अनेकदा वाढले व २०१९ च्या नियमांनी पदवीधरास दरमहा किमान ९००० रुपये ठरले. परंतु मूळ अधिनियमाच्या २२ व्या कलमाने मालकावर नोकरी देण्याचे बंधन घातले नव्हते, आणि २०१४ च्या दुरुस्तीने त्याविषयीचे धोरण मालकानेच आखावे असे ठरविले. म्हणजे बिनपगारी चाकरी गेली. आशा शब्दात होती तशीच राहिली.

आता परीक्षणशाळेत जे शिकविले जाते त्याकडे वळू. यंत्राचा भाग स्वच्छ करून त्यावर चकाकणारा द्रव लावतात, तो चिरेत मुरू देतात, पृष्ठभाग पुसतात आणि वर भुकटी पसरतात. अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशाखाली चिरेतून वर आलेला द्रव पिवळसर हिरव्या रेषेने उजळतो. उमेदवार ती रेषा पाहतो. त्याच्या तोंडी शब्द येतो, 'तडा'. हा शब्द उच्चारण्याचा अधिकार त्याला नाही. नीट न पुसलेला द्रवही तशीच रेषा दाखवितो. म्हणून त्याने लिहावयाचे ते एवढेच : रेषाकार संकेत, लांबी अमुक, स्थान अमुक.

मराठीत या नेमस्तपणाची अडचण अधिक. आपल्या शब्दांत कारण आधीच दडलेले असते. 'भेग' पडते ती सुकण्याने, वैशाखातल्या काळ्या रानाला किंवा टाचेला. 'तडा' जातो तो आघाताने अथवा तापण्याने, काचेला नि माठाला. 'फट' राहते ती दोन वस्तूंच्या जोडात. यांपैकी कोणताही शब्द लिहिणारा नकळत निदान करून बसतो. भारतीय मानक १३८०५ मध्ये परीक्षकांचे तीन स्तर आहेत. पहिल्याने लेखी सूचनांप्रमाणे परीक्षण करून नोंद करावी, दुसऱ्याने संकेताचा अर्थ लावून तो ग्राह्य की त्याज्य हे ठरवावे, तिसऱ्याने पद्धतीच आखून द्यावी. हे स्तर म्हणजे माझ्या मते नामकरणाच्या अधिकाराचे स्तर होत. पदवीमुळे अनुभवाचे आवश्यक तास कमी होतात, पण माफ होत नाहीत.

हा काटेकोरपणा व्यर्थ नव्हे. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत सू सिटी येथे डीसी-१० विमान कोसळून ११२ माणसे दगावली. शेपटीकडील एंजिनाची टायटेनियमची चकती आकाशातच फुटली होती. तिच्यातील चीर आदल्या वर्षीच्या द्रवपरीक्षणात सापडण्याजोगी होती, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. परीक्षण करणाऱ्या माणसाच्या मर्यादा पुरेशा विचारात घेतल्या नव्हत्या, असा ठपका ठेवला गेला. शेकडो निर्दोष भाग पाहिलेल्या डोळ्याला पुढचाही निर्दोषच वाटू लागतो. वर्षभराच्या उमेदवारीत यंत्र हाताळणे लवकर येते, ही सवय मोडणे लवकर येत नाही. विद्यापीठांच्या प्रश्नपत्रिकांत तर तिचा विचारही नसतो.

विमानक्षेत्रात परीक्षकाची जवळची दृष्टी दरवर्षी तपासली जाते. अहवालाच्या तळाशी सही अर्थ लावणाऱ्याची असते. उमेदवाराचे नाव राहते ते त्याच्या तासांच्या नोंदवहीत, आणि वर्ष संपले की ती वही घेऊन तो पुढच्या कारखान्याचे दार ठोठावतो.