अपूर्ण मनोऱ्याची साक्ष

जर्मनीतील कोलोन शहराच्या १८५० च्या दशकातील छायाचित्रांत कॅथेड्रलचे जुळे मनोरे दिसत नाहीत. दिसतो तो अर्धवट दक्षिण मनोरा आणि त्याच्या माथ्यावर दगड उचलण्याची लाकडी यारी. १२४८ साली आरंभिलेले बांधकाम सोळाव्या शतकात थांबले, ते १८४२ मध्ये पुन्हा सुरू झाले. शतकानुशतके ती यारीच नगराची ओळख होती.

१८६८ मध्ये यारी उतरवली गेली. १८८० मध्ये १५७ मीटर उंचीचे मनोरे पूर्ण झाले. त्या सोहळ्यास सम्राट पहिला विल्हेल्म उपस्थित होता. आर्चबिशप मेल्खर्स मात्र राज्यसत्तेशी झालेल्या संघर्षामुळे परागंदा होते. पूर्णत्वास गेलेले शिखर सत्तेच्या वैभवाचेही चिन्ह ठरू शकते. ख्रिस्तसभेची उभारणी अद्याप चालू आहे, याची साक्ष तो अपूर्ण मनोराच अधिक प्रांजळपणे देतो.