बोस, सर बिपिनकृष्ण

बोस, सर बिपिनकृष्ण : (१८५१–१९३३). जुन्या मध्य प्रांतातील एक नामवंत कायदेपंडित, नेमस्त राजकारणी व नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. जन्माने बंगाली असून त्यांचे सर्व सार्वजनिक आयुष्य मुख्यतः नागपूर येथे गेले. कायद्याचे शिक्षण घेऊन ते १८७२ मध्ये वकिलीसाठी जबलपूरला आले आणि १८७४ मध्ये नागपुरात स्थायिक झाले. पुढे १८८८ मध्ये त्यांची सरकारी वकील म्हणून नेमणूक झाली.

मध्य प्रांताची निर्मिती १८६१ साली झाली, तेव्हा इंग्रजी कायदा जाणणारा स्थानिक वर्ग अगदी लहान होता. न्यायालये, रेल्वे व शाळा यांचा विस्तार होऊ लागला, तशी बाहेरील प्रांतांतून सुशिक्षित मंडळी येथे आली. शेजारच्या वऱ्हाडातही असेच घडले. धुळ्यास जन्मलेले रंगनाथ नरसिंह मुधोळकर अमरावतीला वकिली करून तेथील सार्वजनिक जीवनाचे धुरीण बनले व १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष झाले. बोस हे याच स्थलांतरित वकीलवर्गाचे प्रतिनिधी होत. मुधोळकरांची भाषा वऱ्हाडाचीच होती. बोस यांना मात्र परभाषी प्रदेशात आपले स्थान निर्माण करावे लागले.

मध्य प्रांतात १९१४ पर्यंत विधिमंडळच नव्हते. त्यामुळे प्रांताची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडण्याचे काम नगरपालिका, सभा आणि सरकारनियुक्त सभासद यांच्याकडे येई. बोस यांनी नागपूरच्या नागरी कारभारात दीर्घकाळ भाग घेतला. १८९६–९७ च्या दुष्काळाने मध्य प्रांत होरपळून निघाल्यानंतर सर जेम्स लायल यांच्या अध्यक्षतेखाली जो दुष्काळ आयोग नेमण्यात आला, त्याचे ते सभासद होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात प्रांताचे प्रतिनिधी म्हणून बसत. गोपाळ कृष्ण गोखले हे त्या वेळी त्याच मंडळात होते. सरकारने त्यांना ‘सर’ हा किताब दिला. त्यांनी आपल्या आयुष्यातील आठवणी इंग्रजीत लिहिल्या आहेत.

सनदशीर मार्गाने व सरकारच्या सहकार्याने सुधारणा घडवाव्यात, ही बोस यांची राजकीय भूमिका होती. तिला त्यांच्या हयातीतच ओहोटी लागली. १९०७ ची काँग्रेस नागपूरला भरावयाची होती. परंतु नेमस्त व जहाल यांच्यातील झगड्यामुळे ती सुरतेस नेण्यात आली व तेथे मोडली. दादासाहेब खापर्डे, बाळकृष्ण शिवराम मुंजे आदी टिळकपक्षीय नेत्यांच्या मागे नागपूर-वऱ्हाडातील सुशिक्षित तरुण गेले. १९२० मध्ये नागपूरच्याच अधिवेशनात काँग्रेसने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले. सरकारी शाळा-महाविद्यालयांवरील बहिष्कार हे त्या कार्यक्रमाचे एक प्रमुख अंग होते. नियुक्तीने सभासदत्व मिळालेल्या जुन्या पुढाऱ्यांना या लोकचळवळीत स्थान उरले नाही.

त्यांचे टिकून राहिलेले कार्य शिक्षणक्षेत्रातील आहे. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालय १८८३ मध्ये व मॉरिस महाविद्यालय १८८५ मध्ये निघाले. यांपैकी मॉरिस महाविद्यालयाच्या उभारणीत व कारभारात बोस यांचा पुढाकार होता. ही महाविद्यालये प्रथम कलकत्ता विद्यापीठाशी व १९०४ च्या विद्यापीठ अधिनियमानंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणजे मराठी मुलखातील महाविद्यालयांचे अभ्यासक्रम व परीक्षा गंगेकाठी ठरत. वऱ्हाड १९०३ मध्ये मध्य प्रांताच्या कारभाराला जोडले गेले, तरी तेथे महाविद्यालय नव्हते. मोर्शीसारख्या तालुक्यातील मुलाला मॅट्रिकनंतर दूरची वाट धरावी लागे. खापर्डे मुंबईस, तर अमरावती जिल्ह्यातीलच पापळ गावचे पंजाबराव देशमुख पुण्यास शिकले. हा खर्च ज्यांना झेपत नसे, त्यांचे शिक्षण तेथेच थांबे.

प्रांतिक विधिमंडळाच्या अधिनियमानुसार ४ ऑगस्ट १९२३ रोजी नागपूर विद्यापीठ स्थापन झाले व बोस त्याचे पहिले कुलगुरू झाले. त्या वेळी त्यांचे वय बहात्तर वर्षांचे होते. सहा संलग्न महाविद्यालये व ९२७ विद्यार्थी एवढाच विद्यापीठाचा आरंभीचा पसारा होता. मराठी व हिंदी भाषिक भागांचा संसार एकत्र चालवावयाचा, हेही काम सोपे नव्हते. त्याच वर्षी अमरावतीस किंग एडवर्ड महाविद्यालय सुरू झाल्याने वऱ्हाडातील विद्यार्थ्यांची सोय जवळच झाली. १९२५ मध्ये नागपुरात विद्यापीठाचे विधी महाविद्यालय निघाले. एकेकाळी ज्या प्रांताला वकील बाहेरून आणावे लागत, तेथेच आता वकील तयार होऊ लागले.

बोस यांच्या राजकारणाची मर्यादा स्पष्ट आहे. ते लोकांमधून निवडून आलेले पुढारी नव्हते आणि त्यांच्या काळातील उच्च शिक्षण इंग्रजीतून, मूठभरांपुरतेच होते. तथापि त्यांनी ज्या संस्थेचा पाया घातला, ती पुढे लोकांची झाली. कामठीचे डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने दिलेल्या मोठ्या देणगीतून १९४२ मध्ये विद्यापीठाची तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. १९४६ मध्ये सागर विद्यापीठ, तर १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे निघाले आणि मोर्शीसह अमरावती जिल्हा नागपूरच्या कक्षेतून बाहेर पडला. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले. तुकडोजींचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावलीचा व त्यांचे कार्यक्षेत्र खेडे हे होय. बंगालमधून आलेल्या एका वकिलाच्या नेतृत्वाखाली सुरू झालेले हे विद्यापीठ अशा रीतीने आज वऱ्हाडच्या एका लोकसंताच्या नावाने ओळखले जाते.