अंतर्यामी आणि महाद्वार

पंढरपूरला विठ्ठलमंदिराच्या महाद्वारी नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर, दाराबाहेर, संत चोखामेळा यांची समाधी आहे. काही वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर मी तेथे गेलो होतो. वारकरी आधी समाधीपुढे डोके टेकवीत आणि मगच आत जात. जातीने महार असलेल्या या संताला हयातीत ते दार ओलांडता आले नव्हते. तेथे उभा असताना मनात आले, की ज्या भूमीतील ऋषींनी परमेश्वर चराचरांत भरून आहे असे इतक्या निःसंदिग्ध शब्दांत सांगितले, त्याच भूमीत त्या परमेश्वराच्या एका भक्ताला उंबऱ्याबाहेर का थांबावे लागले?

सेमिनरीत शिकत असताना आम्ही हिंदू दर्शनांवर ‘सर्वेश्वरवाद’ असा एकच शिक्का मारून पुढचे पान उलटीत असू. जग म्हणजेच देव, असा त्याचा ढोबळ अर्थ. पुढे मूळ ग्रंथांची ओळख झाली, तेव्हा हा शिक्का किती उतावळेपणाचा होता ते उमगले.

बृहदारण्यक उपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायात राजा जनकाच्या सभेचे वर्णन आहे. उद्दालक आरुणी तेथे याज्ञवल्क्यांना दोन गोष्टी विचारतो : हे सारे विश्व ज्यात ओवले आहे ते सूत्र कोणते, आणि आत राहून सर्वांचे नियमन करणारा अंतर्यामी कोण? सूत्राचे उत्तर याज्ञवल्क्य थोडक्यात देतात. ते सूत्र म्हणजे वायू. अंतर्यामीविषयी मात्र ते विस्ताराने बोलतात. तो पृथ्वीत राहतो, तरी पृथ्वीहून वेगळा आहे. पृथ्वी त्याला ओळखत नाही. पृथ्वी हे त्याचे शरीर आहे. आणि तोच तिचे आतून नियमन करतो. मग हेच वर्णन पाणी, अग्नी, वारा, सूर्य, दिशा, चंद्रतारे, अंधार, प्रकाश, प्राणिमात्र, वाणी, डोळे, कान आणि मन यांना एकेक करून लावले जाते. वाचताना एखाद्या लितानीची आठवण यावी, असा तो प्रवाह आहे.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. परमेश्वर वस्तूत आहे, पण वस्तूएवढाच नाही. शरीरात आत्मा असावा तसा तो आहे. आमच्या त्या शिक्क्यात नेमका हा बारकावा हरवला होता. विशेष म्हणजे सभेत प्रश्न करणारा हाच उद्दालक छांदोग्य उपनिषदात गुरू होऊन भेटतो. मुलगा श्वेतकेतू याला तो पाण्यात मीठ टाकायला सांगतो आणि दुसऱ्या दिवशी ते परत मागतो. मीठ दिसत नाही, पण घोट कोठूनही घेतला तरी खारटच लागतो.

पुढे या वचनांचे अर्थ लावताना आचार्यांचे मार्ग वेगळे झाले. आठव्या शतकाच्या सुमारास होऊन गेलेल्या शंकराचार्यांनी परमार्थतः ब्रह्म हेच एकमेव सत्य मानले आणि जगाला व्यवहारापुरती सत्ता दिली. परंपरेने ज्यांचा काळ १०१७ ते ११३७ असा सांगितला जातो, त्या रामानुजाचार्यांनी याज्ञवल्क्यांचा ‘शरीर’ हा शब्द अक्षरशः घेतला आणि त्यावर आपले दर्शन उभारले. जग आणि जीव ही ईश्वराची काया आहे. ती खरी आहे. त्याने धारण केली म्हणून ती टिकते आणि त्याच्यासाठीच ती आहे. आपल्या संत थॉमस अक्विनास यांनीही परमेश्वर सर्व वस्तूंत आहे असे प्रतिपादन केले, पण जगाला त्याचे शरीर म्हणणे त्यांना रुचले नसते.

आता दाराबाहेरच्या प्रश्नाकडे येऊ. ब्रह्मसूत्रांत वेदविद्येचा अधिकार कोणाला, याची चर्चा आहे. तेथे शूद्राला तो अधिकार नाही, या निष्कर्षावर शंकराचार्य आणि रामानुजाचार्य या दोघांचेही एकमत आहे. जगाच्या स्वरूपाविषयी ज्यांचे पटले नाही, त्यांचे येथे पटावे, हे मला फार बोलके वाटते. परमार्थात भेद नाही आणि व्यवहारात तो सुटत नाही, अशी ही विभागणी होती. भक्तीच्या वाटेने मात्र रामानुजांनी दार किलकिले केले. तिरुक्कोष्टियूरच्या मंदिरावर चढून त्यांनी गुप्त मंत्र सर्वांना ऐकवला, अशी कथा त्यांच्या संप्रदायात आदराने सांगितली जाते.

महाराष्ट्रात हा विचार मराठीत उतरला तो ज्ञानेश्वरांमुळे. १२९० साली नेवाशाला त्यांनी गीतेवरची टीका सिद्ध केली. ‘अमृतानुभव’ या त्यांच्या स्वतंत्र ग्रंथात जग हा अज्ञानाचा भास ठरत नाही. ते चैतन्याचेच स्फुरण ठरते. म्हणूनच अभ्यासक या मताला चिद्विलासवाद म्हणतात. पैठणच्या रेड्याची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे, पण चमत्काराच्या भरात तिचा गाभा निसटतो. संन्याशाची मुले म्हणून वाळीत टाकलेली ही भावंडे शुद्धिपत्रासाठी पैठणला आली होती. माझ्यातला आणि त्या रेड्यातला आत्मा एकच आहे, असे ज्ञानेश्वर म्हणाले, तेव्हा रेड्यावर आसूड ओढले गेले आणि वळ ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले. सिद्धान्त अंगावर सोसण्याची ही गोष्ट आहे. त्याच पैठणात सोळाव्या शतकात एकनाथांनी श्राद्धाचे अन्न महारांना जेवू घातले, असेही संतचरित्रे सांगतात.

आणि तरीही दार उघडले नाही. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून वारले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारी समाधी बांधली, असे परंपरा सांगते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालचा अस्पृश्यांविषयीचा आपला ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघांच्या स्मृतीस अर्पण केला. त्यांच्या निधनानंतर, १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘रिडल्स इन हिंदुइझम’ या ग्रंथात त्यांचा रोखठोक सवाल आहे : सर्वांत एकच ब्रह्म आहे, हा विचार लोकशाहीला याहून भक्कम पाया देऊ शकला असता, मग त्यातून समतेचा समाज का घडला नाही? या सवालाला टाळता येईल असे उत्तर मला तरी सापडलेले नाही.

आपण ख्रिस्ती वाचकांनी येथे दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवून थांबू नये. एका ख्रिस्तप्रसादाच्या मेजाभोवती जमणाऱ्या गोव्यातील आपल्या पॅरिशांत कोंफ्रारिया जातीजातींत वाटल्या गेल्या होत्या आणि सणाच्या दिवशी कोणी कोणता मान घ्यावा यावरून तंटे झाले, हा इतिहास फार जुना नाही.

पंढरपूरचे दार उघडले ते साने गुरुजींच्या उपोषणाने, १९४७ च्या मे महिन्यात. त्याआधी काही महिने गुरुजी महाराष्ट्रभर हिंडून हेच मागणे मांडत होते. चोखोबांच्या मृत्यूला तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती. दार उघडल्यावरही समाधी होती तेथेच राहिली, आणि आत जाणाऱ्याला आजही आधी तीच भेटते.