शिवेवरचा माणूस : आमच्या खापरपणजोबांचा शोध

शोधाची सुरुवात अभिमानातून झाली नाही, जातीच्या दाखल्यातून झाली. घरातल्या एका मुलीला कॉलेज प्रवेशासाठी जात पडताळणी करायची होती. वडिलांच्या शाळेच्या दाखल्यावर नुसतं 'बौद्ध' लिहिलेलं. अनुसूचित जातीसाठी पुरावा मागतात तो 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, म्हणजे धर्मांतराच्याही सहा वर्षं आधीचा. बौद्ध म्हणून अभिमानाने जगणाऱ्या घराने 'महार' हा शब्द कुठे लिहिलेला सापडतो का म्हणून जुने कागद उलटायचे! 1990 ला केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींमध्ये घेतलं खरं, पण कागद मात्र आजोबा-पणजोबांचाच लागतो.

आम्ही मुरबाड आणि शहापूरच्या मधल्या पट्ट्यातले. ज्यांच्या सात पिढ्या त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत लिहून ठेवल्या आहेत, त्यांना पूर्वज शोधणं सोपं. आपल्याला कोणत्या उपाध्यायाने वहीत घेतलं होतं? आपला पूर्वज सापडला तर सरकारी दप्तरात, तोही कुणाच्या तरी कामाला जुंपलेला.

तसाच तो सापडला. गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूचं जुनं रजिस्टर. मजकूर मोडीत. वाचून देणारा माणूस मिळवण्यातच दोन महिने गेले. त्यात आमच्या खापरपणजोबांचं नाव त्यांच्या स्वतःच्या जन्माच्या नोंदीत नाही, एका मुलीच्या मृत्यूच्या नोंदीत आहे. बापाचं नाव, त्यापुढे जात, त्यापुढे 'वेसकर'. मुलीला नावच लिहिलेलं नाही. आडनाव कुणालाच नाही. एवढ्या एका ओळीवर आमचं घर उभं आहे.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 2023 पासून न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी जिल्ह्याजिल्ह्यांत हीच रजिस्टरं बाहेर काढली गेली, मोडी जाणकार बसवले गेले. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याच पानांवर वरखाली आपल्या माणसांच्याही नोंदी आहेत. त्या वाचायला सरकार बसणार नाही, आपल्यालाच बसावं लागेल.

वेसकर म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागतं. वेशीवर पहारा, आल्यागेल्याची खबर, चावडीवर लोकांना बोलावणं, सारा तालुक्याला पोचवणं, मयताचा सांगावा घेऊन दुसऱ्या गावाला जाणं, साहेब आला की वाट दाखवणं. आणि शीव. गावाची हद्द कुठून कुठे जाते, कोणत्या ओढ्याला वळते, कोणत्या दगडाशी थांबते, हे महाराला पाठ. दोन गावांचा तंटा लागला की त्याची साक्ष धरली जायची, त्याला शीव चालायला लावायचे. ज्याला गावात पाणवठ्यावर जागा नाही, त्याच्या पावलावर गावाची हद्द ठरायची. आमच्या घरातल्या एका म्हाताऱ्या आत्या सांगायच्या की खापरपणजोबा अंधारातसुद्धा शीव चुकत नसत. आम्हाला ते खरं वाटतं.

हा मुलूखही तसा सरहद्दीचाच. शहापूर तालुक्याला पूर्वी कोळवण म्हणत. जंगल जास्त, वस्ती कमी. माहुलीच्या किल्ल्यावर 1636 मध्ये शहाजीराजांनी निजामशाहीचा शेवटचा प्रयत्न केला तो याच भागात. वर थळघाट, तिकडे नाणेघाट आणि माळशेज. अशा रानात गाव वसवायचं तर राखणारा माणूस लागतो. तो गावाबाहेर वसवला जातो, कारण धोका बाहेरून येतो. मात्र एक अवघड प्रश्न टाळू नये. हे रान रिकामं नव्हतं. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी इथे होते. आपला पूर्वज गावाच्या बाजूने शीव राखत होता, तेव्हा शिवेच्या पलीकडे कोण होतं? कातकऱ्यांच्या बाबतीत आपल्या वस्त्यांत आजही जे बोललं जातं, ते ऐकून हा प्रश्न आम्हाला टोचतो.

बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' मध्ये हाच प्रश्न जगाच्या पातळीवर मांडला. टोळ्यांच्या लढायांत पांगलेली, आपल्या टोळीपासून तुटलेली माणसं स्थिर गावांच्या कडेला येऊन राहिली. गावाला पहारा हवा होता, त्यांना अन्न आणि आसरा. परक्या टोळीची म्हणून ती हद्दीबाहेर राहिली. याला जोड म्हणून त्यांनी आयर्लंडचे फुइधिर आणि वेल्सचे ऑल्ट्यूड दाखवले. तेही परके, तेही कडेला वसवलेले. फरक इतकाच की तिथे ते काळाच्या ओघात गावात मिसळून गेले. इथे का नाही मिसळले? बाबासाहेबांचं उत्तर आपल्याला माहीत आहे : ही तुटलेली माणसं बौद्ध होती, ब्राह्मणांना मानत नव्हती, आणि गोमांस सोडलं नाही. या सिद्धांतावर अभ्यासकांचे आक्षेप आहेत, ते आपण वाचले पाहिजेत. पण महारवाडा गावाबाहेरच का, हा प्रश्न कोणत्याही आक्षेपाने मिटत नाही.

आता एक भांडण आपल्याच लोकांशी. पूर्वज शोधताना आपण दोन टोकं गाठतो. एक तर बिदरच्या बादशहाने दिलेल्या बावन्न हक्कांची कथा सांगून त्याला राजा करतो, नाहीतर त्याला नुसता भिकारी ठरवतो. वतन हा मान होता का? सुगीला खळ्यावरून मिळणारं बलुतं हक्काचं म्हणायचं, पण मागायला दारात उभं राहायचं. रात्री-अपरात्री कुणीही बोलवावं आणि पगार नाही. 1874 च्या वतन कायद्याने ही वंशपरंपरा पक्की केली. बाबासाहेबांनी 19 मार्च 1928 ला मुंबई कायदे कौन्सिलात त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक मांडलं, तेव्हा वतन जाईल म्हणून आपलेही काही लोक बिथरले. साखळी सोन्याची वाटत होती. ती तुटायला 1958 चा कायदा यावा लागला.

आणि तुटली तरी अर्धीच. वतनाच्या जमिनी परत मिळाल्या त्या नवीन शर्तीवर. सातबाऱ्यावर आजही भोगवटादार वर्ग 2. कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत. आज शहापुरातून समृद्धी महामार्ग गेला आहे, मुरबाड रोडला फार्महाऊसचे फलक आहेत. ज्या पोराला आपली जमीन वर्ग 2 का आहे हेच माहीत नाही, त्याच्याकडून कोऱ्या कागदावर सही घेणं कितीसं अवघड? वेसकराच्या पणतूने सातबारा वाचायला शिकणं, हाही इतिहासाचाच अभ्यास आहे.

खापरपणजोबांचं पुढचं आयुष्य तुटक मिळतं. घरातली आठवण अशी की तरुणपणी ते तानसाच्या बंधाऱ्यावर माती वाहायला गेले होते. तानसा 1892 ला पूर्ण झाला, म्हणजे वयाचा हिशोब जुळतो. पाणी मुंबईला गेलं. त्यांचा मुलगाही त्याच वाटेने गेला, आसनगावला गाडी धरून. रेल्वे त्याच्या जन्माआधीच कसाऱ्यापर्यंत आली होती आणि 1865 ला थळघाट चढून वर गेली होती. मुंबईत त्याला आडनाव मिळालं, गावाच्या नावाला 'कर' लावून. ज्या गावाने वेशीच्या आत घेतलं नाही, त्याचंच नाव आम्ही पुढच्या पिढ्यांना लावलं.

पडताळणीचा कागद झाला. मुलीला प्रवेशही मिळाला. आत्या ज्या दगडाबद्दल सांगायच्या तो बघायला गेल्या दिवाळीत आम्ही गेलो होतो. ओढा आहे, उतारावर साग आहेत. दगड एका बंगल्याच्या तारेच्या कुंपणात आत गेला आहे. राखणदाराने विचारलं, कोण पाहिजे? तो कातकरी वाडीतला होता. आम्ही त्याला पाणी मागितलं, त्याने दिलं, आणि बराच वेळ आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहून बोलत होतो.