गळ, जाळे आणि सीमारेषा

विष्णुभट गोडसे वरसईहून उत्तरेकडे निघाले ते एका यज्ञातील दक्षिणेच्या आशेने. वाटेत त्यांना १८५७ साल भेटले आणि १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘माझा प्रवास’ मराठीतील इतिहासाचे एक अनन्यसाधारण साधन ठरला. इतिहास लिहावा असा ज्याच्या मनात हेतू नव्हता, त्याच्याच लेखणीतून तो अधिक निर्मळपणे उतरला. ही गोष्ट आपण नेहमी सांगतो. पण तिच्यातून निघणारा निष्कर्ष मात्र फारसा पुढे नेत नाही. दक्षिणेसाठी केलेला प्रवास जर इतिहासाचे साधन होऊ शकतो, तर निव्वळ मौजेखातर मित्रांबरोबर केलेला प्रवास का होऊ नये? चार मित्र गाडीत गळ, काठ्या, बर्फाच्या पेट्या भरून सीमा ओलांडतात, खाऱ्या पाण्यात चार दिवस मासे धरतात आणि उन्हाने रापून घरी परततात. यात इतिहास कोठे आहे? तो आहे, आणि एका विशिष्ट समुद्रापुरते बोलायचे तर बराचसा इतिहास अशाच सहलींच्या कागदांत व छायाचित्रांत साठलेला आहे.

हा समुद्र म्हणजे कॅलिफोर्नियाचे आखात, ज्याला कोर्तेझचा समुद्र असेही म्हणतात. मेक्सिकोची मुख्य भूमी आणि बाहा कॅलिफोर्निया हे लांबट द्वीपकल्प यांच्यामध्ये हजार किलोमीटरहून अधिक लांबीची ही खाऱ्या पाण्याची पट्टी पसरली आहे. १८४८ च्या तहाने अमेरिका व मेक्सिको यांच्यातील सीमा नव्याने आखली गेली, तेव्हा कोलोराडो नदीचे बहुतेक खोरे अमेरिकेच्या वाट्याला आले आणि तिचे मुख मेक्सिकोकडे राहिले. नदी एकाची, तिचा शेवट दुसऱ्याचा! आखाताच्या माथ्यापासून फार दूर नसलेल्या ॲरिझोनाला स्वतःचा समुद्रकिनारा नाही. त्यामुळे तेथील हौशी माणसाला खाऱ्या पाण्यात गळ टाकायचा तर सीमा ओलांडण्यावाचून सोयीचा मार्ग नव्हता. आखातातील मासेमारीच्या सहली या भूगोलातून जन्माला आल्या.

या प्रवासांच्या परंपरेत सुरुवातीलाच एक नदीप्रवास येतो. १९२२ साली आल्डो लिओपोल्ड आपला भाऊ कार्ल याच्यासह एका छोट्या होडीतून कोलोराडोच्या त्रिभुज प्रदेशात उतरला. हेतू शिकारीचा आणि भटकंतीचा. त्या प्रवासावरचा त्याचा लेख त्याच्या मृत्यूनंतर, १९४९ मध्ये निघालेल्या ‘अ सँड काउंटी ऑल्मनॅक’ या पुस्तकात आहे. हिरव्या पाण्याच्या असंख्य फाट्यांत नदी जणू समुद्राला भेटायला कांकूं करीत होती, असे ते दृश्य होते. लिओपोल्ड तेथे पुन्हा कधी गेला नाही. आज तो प्रदेश बहुतांशी कोरडा आहे, आणि दोन भावांच्या त्या सुटीचे वर्णन नदीच्या पूर्वरूपाचा दाखला म्हणून अभ्यासक वाचतात.

पुढचा प्रवास साहित्याच्या वाचकांना अधिक परिचित. मार्च १९४० मध्ये जॉन स्टाइनबेक आणि त्याचा जिवलग मित्र, सागरी जीवांचा अभ्यासक एड रिकेट्स, ‘वेस्टर्न फ्लायर’ नावाची मासेमारी नौका भाड्याने घेऊन मॉन्टेरेहून निघाले आणि सुमारे सहा आठवडे आखाताच्या किनाऱ्यांवर भरती-ओहोटीतील जीव गोळा करीत हिंडले. त्यातून १९४१ मध्ये दोघांच्या नावे ‘सी ऑफ कोर्तेझ’ हा ग्रंथ निघाला. आखातातील विपुलतेची ही साक्ष तर आहेच. पण ग्वायमासजवळ जपानी ट्रॉलर समुद्राचा तळ खरवडून कोळंबी काढीत होते, आणि नको असलेले मासे मेलेल्या अवस्थेत पुन्हा पाण्यात टाकले जात होते, हेही या मित्रांनी पाहून लिहून ठेवले. १९४८ मध्ये रिकेट्सच्या मोटारीला रेल्वेगाडीची धडक बसून तो गेला. १९५१ ची आवृत्ती स्टाइनबेकच्या एकट्याच्या नावे निघाली. तिच्या आरंभी त्याने मित्रावर दीर्घ लेख लिहिला, पण रिकेट्सने परिश्रमाने केलेली जीवजातींची सूची मात्र वगळली गेली. स्टाइनबेकची पत्नी कॅरल याच नौकेवर होती. कथनात ती जवळजवळ नाहीच. मौजेच्या प्रवासाची साधनेही निर्दोष नसतात, ती वाचताना कोण गाळले गेले हे विचारावेच लागते, याचा हा धडा होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारीचे युग आले. पेरी मेसनचा जनक अर्ल स्टॅन्ले गार्डनर बाहाच्या खडकाळ वाटांनी वारंवार भटकला. त्याचे ‘द लँड ऑफ शॉर्टर शॅडोज’ हे प्रवासवर्णन १९४८ मधले. मूकपटांच्या जगातून मासेमारीच्या लेखनाकडे वळलेल्या रे कॅननचे ‘द सी ऑफ कोर्तेझ’ १९६६ मध्ये निघाले आणि असंख्य अमेरिकन गळकऱ्यांची पावले त्याने दक्षिणेकडे वळवली. १९७३ मध्ये तिहुआनापासून काबो सान लुकासपर्यंतचा, सुमारे सतराशे किलोमीटरचा महामार्ग पूर्ण झाला. जेथे जाणे हे साहस होते, तेथे जाणे ही सहल झाली.

त्यातही आखाताच्या माथ्याकडील सान फेलिपे हे गाव एका माशासाठी प्रसिद्ध होते. तोतोआबा. दोन मीटरपर्यंत वाढणारा, शंभर किलोपर्यंत भरणारा आणि जगात फक्त याच आखातात सापडणारा हा मासा वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी कोलोराडोच्या मुखाकडे थव्यांनी येई. माणसाच्या उंचीचा मासा आणि त्याच्या शेजारी हसत उभा असलेला माणूस, असे छायाचित्र काढले जाई तेव्हा कोणाला वाटत असेल की आपण एक मोजमाप नोंदवीत आहोत? परंतु झाले तेच.

तोतोआबाचा ऱ्हास गळामुळे झाला असे म्हणणे अन्यायाचे होईल. गळाला एका वेळी एक मासा लागतो. व्यापारी जाळ्यांत १९४२ साली सुमारे २,२०० टनांहून अधिक तोतोआबा सापडला. १९७५ मध्ये हा आकडा ६० टनांच्याही खाली आला आणि मेक्सिकोने त्याची मासेमारी पूर्णपणे बंद केली. सीमेपलीकडे हूव्हर धरण १९३० च्या दशकात उभे राहिले होते. १९४४ च्या करारानुसार मेक्सिकोला वर्षाला १५ लाख एकर-फूट पाणी मिळू लागले, पण ते शेतीतच संपे. १९६३ मध्ये ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे मिटल्यावर नदी समुद्रापर्यंत क्वचितच पोहोचली. जाळ्याचा दोष किती आणि आटलेल्या नदीचा किती, यावर अभ्यासकांत वाद आहे. तिसरे कारण सर्वांत जुने: माशाचे वाताशय, ज्याला चीनमध्ये औषधी व प्रतिष्ठेचे खाद्य म्हणून प्रचंड किंमत मिळते. बंदीनंतरही त्याची तस्करी थांबली नाही. तोतोआबासाठी लावलेल्या गिलजाळ्यांत वाकिता ही डॉल्फिनच्या नात्यातली, जगात अन्यत्र नसलेली चिमुकली पोर्पॉइज गुदमरून मरते. शास्त्राला तिची ओळख १९५८ मध्ये झाली. १९९७ च्या पाहणीत ती सुमारे ५६७ होती. अलीकडच्या पाहण्यांतील आकडा दहाच्या आसपास घुटमळतो.

वाताशयाची ही कथा वाचताना मराठी वाचकाला आपला घोळ आठवल्याशिवाय राहू नये. घोळ आणि तोतोआबा एकाच कुळातले मासे. आपले कोळी ज्याला ‘बोत’ म्हणतात, तो घोळीचा वाताशयही पूर्वेकडच्या त्याच बाजारांत जातो. ऑगस्ट २०२१ मध्ये पालघर जिल्ह्यातील एका होडीला दीडशेहून अधिक घोळ एकदम मिळाले आणि त्यांचे सव्वा कोटीहून जास्त रुपये आले, ही बातमी आपण ‘नशीब फळफळले’ अशा मथळ्याखाली वाचली. एका माशाला सोन्याचा भाव का येतो, हा प्रश्न त्या मथळ्यात नव्हता. सान फेलिपेचा इतिहास त्याचे एक उत्तर देतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. २००५ मध्ये आखातातील कोळ्यांच्या तीन पिढ्यांशी बोलून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एकेकाळी विपुल असलेले पण आता रोडावलेले मासे कोणते, असे विचारल्यावर वृद्ध कोळ्यांनी तरुणांच्या पाचपट जातींची नावे घेतली. तरुण खोटे बोलत नव्हते. त्यांनी जो समुद्र पाहिला, तोच त्यांच्या दृष्टीने भरलेला समुद्र होता. विस्मरण असे पिढीगणिक, कोणाचाही अपराध नसताना, होत जाते. अशा वेळी परक्या पाहुण्यांची प्रवासवर्णने, फिकी पडलेली छायाचित्रे, पकडीच्या वह्या यांना मोल येते.

मात्र येथे एक विषमता आहे आणि ती नोंदवल्याखेरीज हे विवेचन प्रामाणिक होणार नाही. सीमा ओलांडून येणाऱ्याजवळ कॅमेरा होता, प्रकाशक होता, परतण्यासाठी घर होते. किनाऱ्यावरच्या कोळ्याजवळ फक्त आठवण होती. नदीमुखाजवळचे मूळ रहिवासी कुकापा यांची मासेमारी १९९३ मध्ये घोषित झालेल्या संरक्षित क्षेत्रामुळे वादात सापडली. नदीचे पाणी अडवणाऱ्यांच्या धरणांवर तसे कोणतेही बंधन आले नाही. बंदीची किंमत मोजणारा आणि विपुलतेचे वर्णन छापणारा हे दोघे एक नव्हेत. म्हणून पाहुण्याची वही आणि कोळ्याची आठवण ही साधने शेजारीशेजारी ठेवून वाचली पाहिजेत.

२०१४ च्या वसंतात दोन्ही देशांच्या सहमतीने मोरेलोस धरणातून काही आठवडे पाणी सोडण्यात आले. मे महिन्यात त्याची एक क्षीण धार भरतीच्या पाण्याला जाऊन मिळाली. कोरड्या पात्राच्या काठी राहणाऱ्या मुलांनी आयुष्यात प्रथमच नदी पाहिली. आपल्या गावात नदी असते ती अशी, हे त्यांना वडीलधाऱ्यांनी सांगितले असेलच. पण सांगणे आणि पाहणे यांच्यामध्ये जे अंतर असते, तेवढ्यापुरतेच इतिहासाचे काम असते.