हार कोणी कबूल करायची?

आजचा विषय मिक्स्ड मार्शल आर्ट्स, म्हणजे एमएमए. पण ठोसे आणि लाथा यांवर मी फारसं बोलणार नाही. मला बोलायचंय ते लढत संपते त्या क्षणाबद्दल. आपल्या कुस्तीत पाठ मातीला टेकली की निकाल लागतो; पैलवानाने हार कबूल केली की नाही, हा प्रश्नच येत नाही. एमएमएमध्ये मात्र हात पिरगळला जातो, गळा आवळला जातो आणि एकाला ‘बस’ म्हणावं लागतं. हे ‘बस’ म्हणायचं कोणी आणि ऐकायचं कोणी, याचा इतिहास आज पाहू.

सुरुवात ग्रीसपासून. तिथल्या पँक्रेशन या खेळात हरणारा हाताने खूण करून हार मानत असे. इ.स.पूर्व ५६४ मध्ये ऑलिंपियाला अ‍ॅरिकिऑन नावाच्या मल्लाचा गळा आवळला गेला. जीव जाता जाता त्याने प्रतिस्पर्ध्याच्या पायाचं बोट मोडलं. वेदनेने प्रतिस्पर्ध्याने हार मानली आणि त्याच क्षणी अ‍ॅरिकिऑनने प्राण सोडला. पौसानियस सांगतो की पंचांनी मृतदेहालाच विजयमुकुट घातला. लोक ही गोष्ट नवल म्हणून सांगतात. पण नियम काटेकोर पाळला गेला होता, हे लक्षात घ्या. ज्याने खूण केली तो हरला. माणूस मेला, ही बाब हिशेबात आलीच नाही.

पुढे जपानी ज्युदोने दोन वाटा ठेवल्या. हाताने किंवा पायाने दोनदा थोपटायचं, नाहीतर तोंडाने ‘माइत्ता’, म्हणजे ‘हरलो’, म्हणायचं. दोन्ही हात अडकले तर माणूस थोपटणार कशाने? म्हणून तोंडी शरणागती.

पण माणूस काहीच बोलला नाही तर? २३ ऑक्टोबर १९५१. रिओचं माराकाना स्टेडियम. मासाहिको किमुराने एलिओ ग्रेसीचा हात इतका पिरगळला की हाड मोडलं. एलिओ गप्प. शेवटी भाऊ कार्लोसने टॉवेल टाकला. म्हणजे ‘बस’ म्हणायचा हक्क लढणाऱ्याचा, फार तर त्याच्या घरच्यांचा.

या एलिओच्या मुलाने, रोरियनने, १९९३ मध्ये डेन्व्हरला यूएफसी सुरू करण्यात पुढाकार घेतला. नियमांवर हाच विचार उमटलेला दिसतो. टॅप, नॉकआउट किंवा कॉर्नरचा टॉवेल; रेफरीला स्वतःहून लढत थांबवायचा अधिकार नाही. १९९४ च्या दुसऱ्या स्पर्धेत लॉस एंजेलिसचे पोलीस अधिकारी जॉन मॅकार्थी रेफरी होते. समोर माणूस मार खातोय आणि आपण नुसतं कॉर्नरकडे बघायचं, हे त्यांना पटेना. अधिकार द्या, नाहीतर मी येत नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. तिसऱ्या स्पर्धेपासून तो अधिकार मिळाला.

२००० च्या सुमारास न्यू जर्सीत एकसमान नियम तयार झाले, २००१ मध्ये नेवाडाने स्वीकारले. आज त्यांत तोंडी शरणागतीची व्याख्या रुंद आहे. ‘मला लढायचं नाही’ असं म्हणणं तर आहेच, शिवाय वेदनेने किंचाळणंही शरणागतीच धरलं जातं. कारण सरळ आहे. तोंडात माउथगार्ड, भोवती प्रेक्षकांचा गोंगाट, लढणाऱ्याची भाषा वेगळी. २०१० मध्ये ओकलंडला राफाएल दोस आंजोसने क्ले गिडासमोर तोंडीच हार मानली, आणि तेव्हा त्याचा जबडाच मोडलेला होता! अशा तोंडातून शब्द किती स्पष्ट निघणार? म्हणजे ऐकणाऱ्यालाच अर्थ लावावा लागतो. इथून रेफरीचा विवेक सुरू होतो.

आता एकाच रेफरीचे दोन निर्णय बघा. दोन्ही लास व्हेगासमधले, रेफरी हर्ब डीन. १९ जून २००४, हेवीवेट विजेतेपदाची लढत. फ्रँक मिरने टिम सिल्व्हियाचा हात धरला आणि डीनने पन्नासाव्या सेकंदाला लढत थांबवली. सिल्व्हिया म्हणतो, मला काही झालेलं नाही. प्रेक्षक हुर्यो उडवतात. मग पडद्यावर तोच क्षण पुन्हा दाखवला गेला आणि हाताचं हाड मोडताना सगळ्यांना दिसलं. पुढे सिल्व्हियानेही मान्य केलं की डीनचं बरोबर होतं.

दुसरा प्रसंग २ मार्च २०१९ चा. बेन आस्क्रेनने रॉबी लॉलरची मान आवळली. लॉलरचा हात खाली पडला. शुद्ध गेली असं समजून डीनने लढत थांबवली. लॉलर ताडकन उठला, पूर्ण शुद्धीत! आपण अंगठा वर करून ठीक असल्याचं दाखवलं, असं त्याचं म्हणणं. निकाल मात्र बदलला नाही.

आता मला विचाराल, मग हा अधिकार असावा का? माझं मत असावा असंच आहे. लॉलरचं नुकसान झालं हे खरंच, आणि ते भरून निघालं नाही. पण हरलेला माणूस पुन्हा लढू शकतो. अ‍ॅरिकिऑनला ती सोय नव्हती. शूर माणूस स्वतःहून ‘बस’ म्हणत नाही, हे आपल्याला अडीच हजार वर्षांपासून माहीत आहे. ते त्याच्या वतीने म्हणणारा तिसरा माणूस उभा करायला एवढा काळ लागला. तो कधीकधी चुकणार, हे धरूनच त्याला उभं केलेलं आहे.

आता तुमचे प्रश्न घेऊ.